देवगिरी : एक पूर्ण दिवस

छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी जेमतेम 15 किलोमीटर. वेरूळला जाता-जाता तो तासाभरात ‘उरकणारी’ मंडळीच फार! तसे करू नका. पूर्ण दिवस द्या. खंदक ओलांडून अंधारीत शिरताना मुले विचारतील, असा दुर्ग 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे नमलाच कसा? उत्तर टाळू नका. मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवासह दूर होते. गडावरील पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशीही कथा आहे. याच गडावर 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव पुत्रांसह मारले गेले. तेथे क्षणभर थांबावे. पुढे खुलताबादच्या वाटेवर हातकागदासाठी नावाजलेले कागजीपुरा लागते. तेथेही अवश्य डोकवा.