स्वल्पविरामाचे दुहेरी काम

एखाद्या जुन्या वाचनालयाच्या सभासदांची यादी संगणकावर साध्या मजकुराच्या रूपाने उतरवलेली आहे, असे समजा. एका ओळीत एक सभासद. नाव, पत्ता आणि दूरध्वनी यांच्यामध्ये स्वल्पविराम. ही यादी आता डेटाबेसमध्ये घालावयाची आहे. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या पद्धतीचा हा डेटाबेस. त्यातील प्रत्येक रकान्यात अंक बसावयाचे, दिनांक की अक्षरे, हे आधीच ठरलेले असते. यादीला असला कोणताच नियम ठाऊक नसतो.

पहिली अडचण स्वल्पविरामच उभी करतो. पत्ता ‘जेल रोड, इंदूर’ असा असला, की दूरध्वनीच्या रकान्यात ‘इंदूर’ जाऊन बसते आणि खरा क्रमांक ओळीबाहेर उरतो! म्हणून असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवण्याचा प्रघात आहे. २००५ सालच्या ‘आरएफसी ४१८०’ या टिपणात तो नमूद झाला. इंदूरचा दूरध्वनी-संकेत ०७३१. रकाना अंकांचा ठेवला, की आरंभीचे शून्य गळून पडते.

या चुका निदान डोळ्यांना दिसतात. गहाळ झालेली ओळ दिसत नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात प्रयोगशाळांकडून आलेल्या अशाच याद्या एक्सेलच्या जुन्या नमुन्यात घेतल्या जात होत्या. त्या नमुन्यात ६५,५३६ ओळींहून अधिक मावत नाहीत. वरच्या ओळी निमूटपणे गळाल्या आणि कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनिक गणनेतून सुटले. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध लांबला.

म्हणून कडक द्वारपाल मला अधिक प्रिय. ‘पोस्टग्रेस’मधील ‘कॉपी’ ही आज्ञा, वेगळे बजावले नसेल तर, एका सदोष ओळीपायी सारी आयात नाकारते. माणसे तिच्यावर वैतागतात, पण वैताग परवडला. शहाणा कारकून यादी प्रथम केवळ अक्षरांचे रकाने असलेल्या तात्पुरत्या कोष्टकात उतरवून घेतो, तपासतो आणि मगच मूळ कोष्टकात नेतो. न बसणाऱ्या ओळी तो क्रमांकासह बाजूला काढतो. स्वीकारलेल्या आणि बाजूला काढलेल्या ओळींची बेरीज मूळ यादीशी जुळेपर्यंत तो जुनी वही कपाटात ठेवत नाही.