एक नांव, तीन गांवें

सांगलीहून मिरजेस जाणाऱ्या परक्या माणसाला सांगली कोठें संपली आणि मिरज कोठें लागली, हें सांगतां यावयाचें नाहीं. विश्रामबाग येतें, विलिंग्डन महाविद्यालय येतें, वान्लेसवाडी येते; घरें आणि दुकानें यांची ओळ कोठेंच तुटत नाहीं. अंतर अवघें सहा मैलांचें. तरीही शेजारच्या उतारूस "आपण कोठले?" म्हणून विचारिलें, तर तो "सांगलीचा" किंवा "मिरजेचा" असें ठासून सांगेल. १९९८ सालीं येथें महानगरपालिका स्थापन झाली आणि तिला 'सांगली-मिरज-कुपवाड' असें तिहेरी नांव मिळालें. परंतु आपण त्या तिहेरी नांवाचे रहिवासी आहों असें सांगणारा गृहस्थ अद्याप विरळाच. पाटीवर नांवें जोडलीं. मधल्या आडव्या रेघा मात्र तशाच राहिल्या.

हें फाटणें जुनें आहे. मिरज हें पटवर्धनांच्या जहागिरीचें मूळ ठाणें. चुलते गंगाधरराव यांच्याशीं बेबनाव होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनीं १८०१ सालीं मिरज सोडली आणि कृष्णाकांठच्या सांगली या लहानशा गांवीं नवी गादी मांडली. म्हणजे सांगली ही मिरजेची वाढ नव्हे. भाऊबंदकींतून वेगळी मांडलेली ती चूल होय. पुढें मिरज संस्थानाचेंही थोरली पाती व धाकटी पाती असें विभाजन झालें, आणि धाकट्या पातीचें ठाणें सांगलीला लागूनच असलेल्या बुधगांवास गेलें. पांच-सात मैलांच्या टापूंत तीन दरबार! वाटणीच्या कज्ज्यांत मुरलेल्या मराठी माणसालाही हा हिशेब थोडा जडच वाटेल.

चुली निराळ्या झाल्या, तसे लौकिकही निराळे झाले. सांगलींत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. तेथील हळदीची पेठ देशभर गाजली. मिरजेनें डॉ. वान्लेस यांचें रुग्णालय वाढविलें, सतारीचे कारागीर पोसले आणि अब्दुल करीमखांसाहेबांस आपलें मानलें. आगगाडीचें जंक्शन मिरजेस झालें; स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याची कचेरी सांगलीस बसली, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिरजेस. हें पाहून कोणी म्हणेल कीं वांटणी न्यायाचीच झाली. अडचण अशी कीं, दोन्ही गांवांना आपल्याकडे काय आहे याहून दुसऱ्याकडे काय गेलें याचेंच स्मरण अधिक.

आणि यांत कुपवाडची गणती कोठें? औद्योगिक वसाहत कुपवाडला, कामगारांची वस्ती कुपवाडला. परंतु नांव घेतांना तें शेवटीं, आणि खर्च करतांनाही बहुधा शेवटींच. सांगली आणि मिरज यांचें भांडण थोरल्या-धाकट्या जावांचें. कुपवाडला त्या घरांत अजून कोणतें नातेंच मिळालेलें नाहीं. भुयारी गटारांसाठीं त्या भागाला फार वर्षें वाट पाहावी लागली. दोन थोरल्या गांवांची चढाओढ चालली असतां तिसऱ्याचें गटार तुंबतें, ही गोष्ट सभागृहांतील भाषणांत सहसा येत नाहीं.

वास्तविक या मुलखाला हद्दी ओलांडणें ठाऊक नाहीं असें नाहीं. १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. तोंपर्यंत वाळवें, तासगांव, खानापूर हे तालुके साताऱ्याचेच होते. १९४२ नंतरच्या प्रतिसरकारांत नाना पाटील वाळवें तालुक्यांतील, म्हणजे इंग्रजी अमलांतील, येडेमच्छिंद्रचे. आणि चळवळीचें मोठें केंद्र असलेलें कुंडल औंध संस्थानांतलें. इंग्रजी हद्द आणि संस्थानी हद्द यांचा भेद त्या माणसांनीं मानला नाहीं. किंबहुना पोलिसांना चकविण्यास त्या हद्दी उपयोगीच पडल्या.

पाण्याच्या बाबतींतही अशीच एक गोष्ट घडली. एप्रिल २०१६ मध्यें लातूर तहानेनें व्याकूळ झालें असतां मिरजेच्या स्थानकावरून कृष्णेच्या पाण्याच्या गाड्या तिकडे धांवल्या. पहिल्या गाडीनें सुमारें पांच लाख लिटर पाणी नेलें. त्या वेळीं हें पाणी सांगलीचें कीं मिरजेचें, असा प्रश्न निघाला नाहीं. पुढें ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशीं पाण्यानें सत्तावन्न फुटांची खूण ओलांडली आणि सांगलीच्या पेठा बुडाल्या. तेव्हां ज्या उंचवट्यावरील वस्त्यांना एरवीं 'गांवाबाहेरच्या' म्हणत, त्याच वस्त्यांत पेठकऱ्यांनीं आसरा घेतला. पाणी ओसरलें, पेठा धुऊन निघाल्या, आणि कोणत्या भागाला किती निधि मिळाला याची मोजदाद पुन्हां सुरू झाली.

साताऱ्याची कथा थोडी निराळी. तेथें दोन गाद्यांचें वैर नाहीं. तेथें एकच शहर आपल्या पोटांतून बाहेर सांडलें. शाहू महाराजांच्या वेळच्या पेठा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं दाटल्या. जागा पुरेना, तेव्हां नोकरदारांनीं शाहूपुरी, विलासपूर अशा भागांत घरें बांधिलीं. तेथें कारभार ग्रामपंचायतीचा आणि घरपट्टी हलकी. बाजार, शाळा, दवाखाना यांसाठीं मात्र पाय शहराकडेच वळत. शहरवासी म्हणत, "हे आमच्या रस्त्यांवरून फुकट चालतात." उपनगरवासी म्हणत, "रस्ते आहेतच कोठें?" दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. २०२० सालीं हद्दवाढ होऊन हे भाग नगरपालिकेंत आले. त्याबरोबर शहरवासीयांना आपला पैसा बाहेर जाईल ही धास्ती पडली, आणि उपनगरांना पट्टी आधीं वाढेल व सोयी मागून येतील ही.

या धास्तीवर उपदेशाचा उपाय नाहीं, हिशेबाचा आहे. कोणत्या प्रभागांतून किती पट्टी आली आणि त्या प्रभागांत किती खर्च झाली, हें दरवर्षीं चौकांतल्या फळ्यावर लागलें, तर अर्धी भांडणें तेथेंच मिटतील. उरलेलीं निदान खऱ्या कारणांवर होतील. सांगली-मिरजेसही हाच फळा हवा, आणि तो प्रथम कुपवाडांत लागावा.

साताऱ्यांत तर भांडणारीं माणसेंही बहुधा एकाच घरचीं असतात. बाप शुक्रवार पेठेंतल्या जुन्या घरीं, मुलगा शाहूपुरीच्या नव्या बंगल्यांत. बापाच्या नळाला कासचें पाणी, मुलाच्या नळाला कण्हेरचें. दिवाळीला दोघे एका पंगतीस बसतात, आणि पाडवा उलटला कीं एक हद्दवाढीच्या बाजूचा व दुसरा विरुद्ध बाजूचा अर्ज लिहावयास घेतो.