मॅक्रोसाठी भाषा कोणती?
(प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण भाषेची निवड चुकली म्हणजे काय घडते हे मी कचेरीत बसून अनुभवले आहे.

दरमहा त्याच त्या क्रिया करावयाच्या असतील, तर त्यांच्या सूचना एकदा लिहून संगणकावर सोपविता येतात. त्यांना मॅक्रो म्हणतात. २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळ्या झालेल्या लिबरऑफिस या विनामूल्य प्रणालीत मॅक्रोसाठी बेसिक, पायथन, जावास्क्रिप्ट आणि बीनशेल अशा चार भाषांची सोय आहे. चारही भाषा आतील एकाच यंत्रणेकडून काम करवून घेतात. मग कोणतीही घेतली तर काय बिघडले?

माझ्या एका सहकाऱ्याने मासिक अहवालांची एकत्रित बेरीज करणारा मॅक्रो बीनशेलमध्ये लिहिला होता. काम चोख होते. पुढे त्यांची बदली झाली आणि कार्यालयात नवे संगणक आले. बीनशेल व जावास्क्रिप्ट यांना संगणकावर जावा असावी लागते. नव्या संगणकांवर ती नव्हती. मार्चअखेरीस मॅक्रो चालेना, आणि त्यातील मजकूर वाचू शकणारेही कोणी उरले नव्हते. आम्ही दोघांनी १२ महिन्यांचे आकडे रात्री जागून हाताने मांडले.

बेसिकचे तसे नाही. ती प्रणालीबरोबरच येते आणि लिहिण्याची खिडकीही आतच मिळते. आपण केलेल्या क्रिया टिपून घेणारी सोय, जी आधी पर्यायांत जाऊन सुरू करावी लागते, ती बेसिकमध्येच लिहून देते. मूळ बेसिक भाषा १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ या प्राध्यापकांनी तयार केली, ती विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून. माझ्यासारख्याला हे ऐकून धीर येतो!

तथापि बेसिकचा आग्रह सर्वत्र धरू नये. जुन्या फाँटमधील शेकडो पानांचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावयाचा असेल, तर तेथे पायथनच सरस. मात्र विंडोजवर लिबरऑफिस स्वतःचे पायथन बाळगते. संगणकावर वेगळे बसविलेले पायथन आणि त्याची ग्रंथालये त्याला आपोआप दिसत नाहीत. या एका गोष्टीपायी आमचे दोन दिवस वाया गेले.

आणखी एक. मॅक्रो चालत नाही म्हणून सुरक्षेची पातळी खाली आणू नका. परक्या फायलीतील मॅक्रो थोपविण्यासाठीच ती उंच ठेवलेली असते. आपली फाईल विश्वसनीय म्हणून नोंदविलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी.

आमच्या कार्यालयातील तो अहवाल आता बेसिकमध्ये आहे. मॅक्रोच्या आरंभी मराठीत चार ओळींची टीप असते, आणि कार्यभार सोपविण्याच्या यादीत त्याची नोंद कपाटाच्या किल्ल्यांच्या खालीच केलेली आहे.