वकील अलेक्झांडर पिएर टुरो यांचे पुण्यस्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवात वकील-मंडळींच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामातील वकील-मंडळींचा गौरव करावयाचा असे महोत्सव-समितीने ठरविले, तेव्हा चार शब्द बोलण्याचे काम साहजिकच आमच्या गळ्यात पडले. परंतु सत्कारमूर्तींपैकी ज्येष्ठ गृहस्थांनी गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्हांस दारातच गाठले व बजाविले, "फादर, आमच्यावर स्तुतिसुमने उधळू नका. सोमवारी कोर्टात विरुद्ध पक्षाचे वकील हसतील." ही आज्ञा आम्ही शिरसावंद्य मानली आहे. शिवाय जिवंत वकिलाची स्तुती करणे धोक्याचेच असते. ज्यांचे दावे त्यांनी जिंकले ते सभेत बसलेले असतात, आणि ज्यांचे बुडाले तेही. म्हणून आज आम्ही एका परदेशस्थ व परलोकवासी वकिलाचे स्मरण करणार आहो. ते आपल्याच श्रद्धेचे होते. वकिलांचे आश्रयदाते संत इव्हो यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहेच. गरिबांची वकीलपत्रे घेणारा वकील संत झाला याचे ब्रिटनीच्या लोकांस मोठे नवल वाटले, असे म्हणतात. आमचे गृहस्थ काही संतपदास चढलेले नाहीत. ते न्यू ऑर्लिन्स शहरी राहात, त्यांचे नाव अलेक्झांडर पिएर टुरो, आणि त्यांचा वर्ण काळा गणला जाई.

या शेवटच्या शब्दांचा अर्थ नीट कळावा म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृष्णवर्णीय मनुष्यास वकिलीची सनद प्रथम मिळाली ती 1844 साली, मेन राज्यात, मेकन बॉलिंग ॲलन यांस. त्या वेळी दक्षिणेकडे त्यांचे लक्षावधी बांधव गुलामगिरीत खितपत होते. 1872 साली शार्लट रे या विदुषीने सनद संपादिली. परंतु काळा वर्ण आणि स्त्रीजन्म असा दुहेरी अडथळा आल्याने पक्षकार मिळेनात, व अखेरीस त्यांस वकिली सोडून शिक्षिकेचा पेशा पत्करावा लागला. अमेरिकन बार असोसिएशन या प्रमुख वकील-संघाने 1912 साली कृष्णवर्णीयांस जवळजवळ दार लावून घेतले, ते 1943 पर्यंत. तेव्हा या वकिलांनी 1925 साली आयोवा राज्यात आपला निराळा राष्ट्रीय संघ स्थापिला. ज्यांनी दुसऱ्यांस न्याय मिळवून द्यावयाचा, त्यांसच आपल्या व्यवसायबंधूंच्या पंक्तीत पाट मिळत नव्हता.

न्यू ऑर्लिन्स हे शहर फ्रेंच व स्पॅनिश राजवटीत वाढलेले, आणि म्हणून कॅथॉलिक वळणाचे. लुइझियाना राज्यात आजही जिल्ह्यास 'पॅरिश' असेच म्हणतात. सरकारी कागदांत 'ऑर्लिन्स पॅरिश शाळा-मंडळ' असा शब्द प्रथम वाचला तेव्हा आम्ही समजलो की हे कोणा धर्मगुरूंचे मंडळ असावे! पुढे उलगडा झाला. या शहरातील क्रिओल म्हणविणारी कृष्णवर्णीय कुटुंबे पिढ्यानपिढ्या फ्रेंच बोलत व मिस्सास जात. त्यांतील काही सुशिक्षितांनी 1891 साली एक नागरिक-समिती स्थापिली. लुई मार्टिने हे वकील तिचे एक आधारस्तंभ होते. ते 'क्रुसेडर' नावाचे वृत्तपत्रही चालवीत. आगगाडीत काळ्या व गोऱ्या उतारूंस निरनिराळे डबे असावेत असा कायदा राज्याने केला होता. त्यास आव्हान देण्याकरिता 7 जून 1892 रोजी होमर प्लेसी हे गृहस्थ समितीच्या योजनेनुसार मुद्दाम गोऱ्यांच्या डब्यात बसले व पकडले गेले. प्लेसी दिसावयास गोरेच होते. आपल्या रक्तात आफ्रिकेचा अंश आहे हे त्यांस तोंडाने सांगावे लागले. हा दावा 18 मे 1896 रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. सोयी समान असल्या म्हणजे त्या पृथक् ठेवण्यास हरकत नाही, असे न्यायालय म्हणाले. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरुद्ध मत नोंदविले.

प्लेसी 1925 साली वारले. त्याच वर्षी टुरो हे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातून कायद्याचे पदवीधर होऊन बाहेर पडले. असा योग आमच्यासारख्या पाद्र्याच्या मनास स्पर्श केल्यावाचून राहात नाही; पण त्यावर प्रवचन न झोडता पुढे जाऊ.

टुरो यांचा जन्म 26 फेब्रुवारी 1899 रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झाला. वयाच्या सतराव्या वर्षी गाव सोडून ते उत्तरेस गेले. रेल्वेवर मजुरी केली. पुढे वॉशिंग्टनला सरकारी न्याय-खात्याच्या ग्रंथालयात कारकून राहून त्यांनी कायद्याचा अभ्यास पुरा केला. उत्तरेत राहते तर सुखाने राहते. परंतु ते गावी परतले आणि 1927 साली लुइझियानाची सनद त्यांनी घेतली. त्या अवघ्या राज्यात कृष्णवर्णीय वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि पुढे काही वर्षे तर जवळजवळ सर्व भार एकट्या टुरोंवर पडला. पोटाकरिता त्यांस पुष्कळ वर्षे जकात-कचेरीत नोकरी करावी लागली. कारण त्यांचे स्वतःचे लोकही दाव्यास पैसे जमले म्हणजे गोऱ्या वकिलाकडे जात. गोऱ्या न्यायाधीशापुढे गोऱ्या वकिलाच्या शब्दास वजन असते, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब चुकीचा नव्हता, हेच त्यातले दुःख.

त्यांचे दावे कसले? ऐकून आपणांस रोमहर्षक काही वाटणार नाही. समान पात्रतेच्या शिक्षकांत काळ्यास कमी पगार मिळे. 1941 साली जोसेफ मॅकेल्पिन या शिक्षकाच्या नावे त्यांनी दावा लाविला, आणि पुढल्या वर्षी पगार समान करण्याचा हुकूमनामा मिळविला. मग तोच दावा दुसऱ्या परगण्यात, मग तिसऱ्यात. मतदार-यादीत नाव घालण्याच्या अर्जात आपले वय वर्षे, महिने व दिवस असे बिनचूक मांडावे लागे; एका दिवसाची चूक झाली की काळ्या मनुष्याचा अर्ज बाद, गोऱ्याची चूक मात्र कारकुनास दिसत नसे. एडवर्ड हॉल यांचा याविषयीचा दावा खालच्या कोर्टाने काढून टाकला होता. टुरो अपिलात गेले, आणि 1946 साली तो दावा चालला पाहिजे असे अपील-न्यायालयाने ठरविले. न्यूयॉर्कहून थरगुड मार्शल येत. ते पुढे, 1967 साली, सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. मार्शल भाषण करीत, दावा रंगवीत, आणि दुसऱ्या गावी जात. त्यांस जावेच लागे. सारा देश त्यांची वाट पाहात असे. टुरो मात्र मागे राहात. कैफियती लिहिणे, तारखा सांभाळणे, साक्षीस भिणाऱ्या बापास धीर देणे, हे काम त्यांचे.

1953 सालची गोष्ट. राज्याच्या मुख्य विद्यापीठात, बॅटन रूज येथे, पदवीच्या वर्गात एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता. टुरो यांनी ज्याच्या नावे दावा लाविला तो विद्यार्थी म्हणजे त्यांचा स्वतःचा सतरा वर्षांचा पुत्र, धाकटा अलेक्झांडर पिएर. कोर्टाच्या हुकुमाने मुलास प्रवेश मिळाला. वसतिगृहात कोणी त्याच्याशी बोलेना. रात्री अभ्यास होऊ नये म्हणून शेजारच्या खोल्यांत रेडिओ मोठ्याने लावीत. पुढे अपील-न्यायालयाने हुकूम फिरविला, आणि दोन महिनेही पुरे होण्याआधी मुलगा घरी परतला व न्यू ऑर्लिन्सच्या झेवियर या कॅथॉलिक विद्यापीठात शिकू लागला. त्या दोन महिन्यांत वडिलांच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. आम्हांस मूलबाळ नाही. परंतु दुसऱ्यांच्या बापांस 'मुलाचे नाव दाव्यात घाला' म्हणून सांगत फिरणारा मनुष्य आपल्या मुलास घरी ठेवू शकला नाही, एवढे आम्हांस समजते.

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो जिच्याकरिता हे भाषण आम्ही मनाशी घोळवीत होतो, आणि जी धर्मगुरूच्या तोंडून यावी हेच बरे.

टुरो कॉर्पस ख्रिस्ती धर्मग्रामाचे सभासद होते. हा धर्मग्राम कृष्णवर्णीयांकरिता 1916 साली वेगळा स्थापिलेला. इतर चर्चांत काळ्या भाविकांस मागची बाके नेमलेली असत, आणि ख्रिस्तप्रसादास गोरे उठून गेल्यावर काळ्यांनी यावे असा प्रघात होता. आपल्या देशातील काही चर्चांत जातीजातींची बाके वेगळी होती, हे जाणणाऱ्यास याचे आश्चर्य वाटू नये, लाज वाटावी. गुलामांची सेवा करणारे संत पीटर क्लेव्हर यांच्या नावाने 1909 साली कृष्णवर्णीय कॅथॉलिकांनी बंधुसंघ काढला, तोही इतर संघांत त्यांस जागा नव्हती म्हणून. टुरो त्याचे कायदेविषयक सल्लागार होते. 1955 साली तर जेझुइट बेंड नावाच्या खेड्यात एक कृष्णवर्णीय धर्मगुरू मिस्सास आले असता गोऱ्या भाविकांनी त्यांस अडविले. आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी त्या प्रार्थनामंदिरातील उपासना बंद केली. मिस्साकरिता आलेल्या धर्मगुरूस भाविकच परत पाठवितात, हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेविले होते.

आर्चबिशप रमेल हे न्यायी पुरुष होते. 1956 च्या फेब्रुवारीत त्यांनी पत्रक काढून वर्णविभाग हा अन्याय व पाप आहे असे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याच महिन्यात न्यायमूर्ती स्केली राइट यांनी टुरोंच्या दाव्यात सरकारी शाळांतील वर्णविभाग बंद करण्याचा हुकूम दिला. 1952 साली अर्ल बुश या मुलाच्या नावाने लाविलेला हा दावा. म्हणजे धर्म व कायदा दोघेही एकाच महिन्यात बोलले. मग पुढे काय झाले?

राज्याच्या विधिमंडळाने एकामागून एक कायदे करून कोर्टाचा हुकूम हाणून पाडण्याचा प्रयत्न केला. प्रत्येक कायद्यास टुरो व त्यांचे सहकारी कोर्टात उत्तर देत, न्यायमूर्ती तो रद्द करीत, विधिमंडळ दुसरा करी. अखेर 14 नोव्हेंबर 1960 रोजी सहा-सहा वर्षांच्या चार मुली, रुबी ब्रिजेस एका शाळेत आणि लिओना टेट, गेल एटिएन व टेसी प्रेव्हो दुसऱ्या शाळेत, शिव्या देणाऱ्या जमावातून केंद्र सरकारच्या शिपायांबरोबर आत गेल्या. आणि आमच्या शाळा? कॅथॉलिक शाळांतील वर्णविभाग उठला तो 1962 च्या सप्टेंबरात. उघड विरोध करणाऱ्या तिघांस आर्चबिशपांनी त्या वर्षी धर्मबहिष्कृतही केले. पण सरकारी शाळा दोन वर्षे पुढे होत्या. आर्चबिशपांचे वय ऐंशीच्या पलीकडे गेले होते, दृष्टी क्षीण झाली होती, पालक शाळा सोडतील अशी भीती होती, हे सर्व खरे. तरीही आमच्या अल्प मतीप्रमाणे मुख्य कारण निराळे आहे. पत्रकामागे वकील नव्हता. पत्रक वाचून झाले, आमच्यासारखे धर्मगुरू वेदीवरून उतरले, आणि पुढच्या रविवारी दुसरा विषय निघाला. कोर्टाच्या हुकुमामागे मात्र असा एक मनुष्य होता की जो प्रत्येक तारखेस हजर राहात असे. तो नसता तर न्यायमूर्तींचा कागदही आमच्या पत्रकाइतकाच स्वस्थ पडून राहता. हे आम्ही आमच्या वर्गाच्या निंदेकरिता म्हणत नाही. 'अन्याय करू नका' असे आम्हीही याच वेदीवरून वर्षानुवर्षे सांगितले आहे. मग त्या अन्यायाचे कागद घेऊन एखादी विधवा दुसऱ्या दिवशी कोठे गेली, हे आम्ही किती वेळा विचारले?

आपल्याकडील वृद्धांस महाडच्या तळ्याचा दावा आठवेल, निदान ऐकून. सत्याग्रह 1927 चा, आणि बॅरिस्टर आंबेडकरांच्या बाजूने मुंबई हायकोर्टाचा निकाल 1937 चा. दहा वर्षे. याच आंबेडकरांनी 1946 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी ड्यू बॉइस यांस पत्र लिहून अस्पृश्यांच्या व त्यांच्या स्थितीतील साम्य कळविले होते. तेव्हा न्यू ऑर्लिन्सची ही कहाणी आपणांस अगदीच परकी मानण्याचे कारण नाही.

टुरो 22 जानेवारी 1972 रोजी वारले. ते न्यायाधीश झाले नाहीत. 1957 साली त्यांनी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्थापिलेली वकिलांची संस्था मात्र आजही चालू आहे. तिला त्यांनी स्वतःचे नव्हे तर प्लेसीच्या काळच्या त्या लुई मार्टिने यांचे नाव दिले. त्यांच्या कचेरीत काम शिकलेले अर्नेस्ट मोरियल 1978 साली शहराचे पहिले कृष्णवर्णीय नगराध्यक्ष झाले. ज्या विद्यापीठातून मुलगा परत आला त्याच्या आवारात 1990 साली एका इमारतीस पित्याचे नाव देण्यात आले, आणि 2011 साली तेथेच त्या मुलास, आता वृद्ध झालेल्या, सन्माननीय पदवी मिळाली. शहरातील एक रस्ता टुरो यांच्या नावाचा आहे. प्लेसींचा अपराध मात्र दप्तरी तसाच होता. तो लुइझियानाच्या गव्हर्नरांनी 5 जानेवारी 2022 रोजी माफ केला, घटनेनंतर 129 वर्षांनी.

आम्ही ठरल्यापेक्षा अधिक वेळ घेतला. शाल व श्रीफळ तयार आहे, आणि सत्कारमूर्तींपैकी एकांनी आताच खुणेने सुचविले आहे की उद्या सकाळी अकरास त्यांची तारीख असून कागद अजून वाचावयाचे राहिले आहेत. तेव्हा अध्यक्ष महाराजांस विनंती करून आम्ही आमच्या जागी बसतो.