घरगुती छायाचित्रांचें जतन आणि निवड



आजच्या भाषणाचा विषय अगदीं घरगुती आहे. आपल्यापैकीं बहुतेकांच्या खिशांत या क्षणीं कांहीं हजार छायाचित्रें आहेत. परंतु त्यांपैकीं पन्नास वर्षांनीं किती शिल्लक राहतील, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारीत नाहीं. तो विचारावा, आणि त्याचें उत्तर आपल्या हातीं कितपत आहे हें पाहावें, एवढाच आज माझा हेतु आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं छायाचित्र काढून घेणें हा एक लहानसा समारंभच असे. ठेवणींतले कपडे घालून मंडळी स्टुडिओंत जात. मागें रंगविलेला पडदा, शेजारीं उंच तिवईवर फुलदाणी, आणि छायाचित्रकारानें हलूं नका म्हणतांच श्वास रोखून बसलेलीं मुलें! अशीं चित्रें एका आयुष्यांत पांच-दहा निघत. त्यांच्या जतनाची व्यवस्था म्हणावी तर कांहींच नव्हती. लग्नपत्रिका, जुनीं पत्रें, घराच्या पावत्या यांच्या गठ्ठ्यांत तीं ट्रंकेच्या तळाशीं पडून राहत. सत्तर-ऐंशी वर्षांनीं नातीनें ट्रंक उघडली तर कडा पिवळ्या पडलेल्या, एखादा कोपरा कसरीनें खाल्लेला. पण चेहरा ओळखूं येई. जुनें छायाचित्र नुसत्या दुर्लक्षावरहि जगूं शकत असे. नवें तसें जगूं शकत नाहीं, आणि मला जें सांगावयाचें आहे तें सर्व या एका भेदांतून निघतें.

हा भेद कां पडला? १९७५ सालीं अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें. चित्र काळें-पांढरें आणि अवघ्या १०,००० बिंदूंचें. आणि तें एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आजच्या मोबाइलमधील चित्रांत असे बिंदु एक कोटीहून अधिक असतात. तरी जात तीच. चित्र आतां रसायनाच्या थरावर उमटत नाहीं, तें आंकड्यांची एक लांबलचक ओळ म्हणून साठविलें जातें. कागदावरचें चित्र फिकें होत होत जातें व जातांना सूचना देतें. आंकड्यांची ओळ फिकी होत नाहीं. ती एक तर जशीच्या तशी असते, नाहीं तर कोठें तरी बिघडते. आणि बिघडली कीं चित्राचा खालचा अर्धा भाग करड्या पट्ट्याखालीं गडप होतो, किंवा फाइल मुळीं उघडतच नाहीं. उलटपक्षीं तिची नक्कल मात्र बिनचूक होते. शंभरावी प्रत पहिलीसारखीच असते. जुन्या छायाचित्राला ही देणगी नव्हती. म्हणून नव्या छायाचित्राचें जतन म्हणजे त्याची पुनःपुन्हां नक्कल करणें होय, कपाटांत ठेवून कुलूप लावणें नव्हे.

कपाटांत ठेवलेल्या साधनांचें काय होतें तें थोडक्यांत सांगतों. मेमरी कार्ड व पेन ड्राइव्ह यांत विजेचा सूक्ष्म भार कोंडलेला असतो. वर्षानुवर्षें तीं न वापरतां खणांत पडलीं तर तो भार हळूहळू पाझरून जातो. हार्ड डिस्कमध्यें फिरणारे भाग असतात व टेबलावरून एकदां पडणें तिला पुरतें. लग्नाच्या डीव्हीडींत रंगद्रव्याचा नाजूक थर असतो, आणि तो टिकला तरी ती तबकडी घालावयास हल्लींच्या लॅपटॉपला जागाच नसते. ही शेवटची अडचण सर्वांत मोठी आहे. १९६६ व १९६७ या दोन वर्षांत अमेरिकेच्या नासा संस्थेनें चंद्राभोंवतीं पांच लूनर ऑर्बिटर यानें पाठवून तेथील छायाचित्रें घेतलीं. त्यांच्या फिती सुदैवानें जपल्या गेल्या. पण त्या वाचणारीं यंत्रें जगांतून जवळजवळ नाहींशीं झालीं. नॅन्सी एव्हान्स या नासामधील बाईंनीं अशीं कांहीं अजस्र यंत्रें अनेक वर्षें आपल्या घरीं सांभाळलीं, म्हणूनच पुढें कॅलिफोर्नियांत एका बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या इमारतींत कांहीं मंडळींना तीं पुन्हां चालू करतां आलीं. आणि २३ ऑगस्ट १९६६ रोजीं चंद्राजवळून टिपलेलें पृथ्वीचें चित्र २००८ च्या नोव्हेंबरांत नव्या स्पष्टतेनें लोकांसमोर आलें. आपल्या माळ्यावरच्या तबकड्यांसाठीं इतकी खटपट कोण करणार? त्यांवरील चित्रें नव्या साधनावर आजच, यंत्र मिळतें आहे तोंवर, उतरून घ्यावीं हें बरें.

आतां पुष्कळजण म्हणतील, कीं आमचीं चित्रें क्लाउडवर आहेत, आम्हांला काळजी नाहीं. क्लाउड हें नांव मोठें काव्यमय आहे खरें. पण तो ढग म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतींतील हार्ड डिस्कच होय. ती आपल्या घरच्या डिस्कपेक्षां चांगली राखलेली असते, हें निर्विवाद. परंतु तेथें आपण भाडेकरू असतों, आणि अटी मालक ठरवितो. गूगल फोटोजमध्यें किंचित् कमी दर्जाचीं चित्रें अमर्याद व फुकट ठेवतां येत असत. ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. दोन वर्षें न उघडलेलीं वैयक्तिक खातीं काढून टाकण्याचें धोरणहि त्याच कंपनीनें २०२३ मध्यें जाहीर केलें. फ्लिकरनें २०१८ च्या अखेरीस फुकट सभासदांना १,००० चित्रांची मर्यादा घातली व वरचीं चित्रें काढून टाकण्याची सूचना दिली. मायस्पेसचा प्रकार तर याहून वाईट. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सामान हलवितांना सभासदांचीं जुनीं चित्रें व गाणीं नष्ट झालीं, हें त्यांनीं २०१९ मध्यें मान्य केलें. यांत कोणी दुष्टपणा केला असें मी म्हणत नाहीं. व्यापाराचें आयुष्य आणि कुटुंबाच्या स्मृतीचें आयुष्य हीं एका मापाचीं नसतात, इतकेंच.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. मोबाइल व क्लाउड यांत चित्रें एकसारखीं दिसतात, याला बहुतेक लोक बॅकअप समजतात. पुष्कळदां तो नुसता मेळ असतो. मेळाचा अर्थ असा, कीं एकीकडे चित्र पुसलें तर दुसरीकडेहि पुसलें जातें. कचऱ्याच्या पेटींत तें महिना-दोन महिने राहतें, पुढें तेंहि नाहीं. खरा बॅकअप म्हणजे जिच्यावर आपल्या चुकीचा परिणाम होत नाहीं अशी निराळी प्रत.

अशा किती प्रती असाव्यात? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें यासाठीं तीन-दोन-एक असा सुटसुटीत नियम रूढ केला: प्रती तीन, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर. या नियमांतील शेवटचा अंक आपल्या लोकांना अनावश्यक वाटतो. पण २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, किंवा २०२१ च्या जुलैंत चिपळूण पाण्याखालीं गेलें, त्या वेळीं तळमजल्यावरच्या घरांत आल्बम, संगणक आणि त्याच्या शेजारच्या खणांतली डिस्क हीं सर्व एकाच पाण्यांत बुडणारीं होतीं. चोरी आणि आग यांचेंहि तसेंच. यासाठीं फार खर्च नको. दोन डिस्का घ्याव्या. एक आपल्याकडे, दुसरी परगांवच्या बहिणीकडे किंवा भावाकडे. गणपतीला किंवा दिवाळींत भेट होते तेव्हां ताजी डिस्क देऊन जुनी परत आणावी. आणि आणलेल्या डिस्कवरील दहा-वीस चित्रें उघडून पाहावीं. कधींहि न उघडलेली प्रत ही नुसती आशा असते.

येथें व्हॉट्सअ‍ॅपविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे छायाचित्रांची खरी वाहतूक त्याच वाटेनें होते. नेहमींच्या पद्धतीनें पाठविलेलें चित्र तेथें दाबून लहान केलें जातें, आणि तें कोणत्या दिवशीं, कोणत्या कॅमेऱ्यानें काढलें ही मुळांत लिहिलेली माहिती गळून पडते. आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. गेल्या वर्षीं त्यांच्या पत्नी वारल्या. तेराव्याच्या आधीं भिंतीवर लावण्यासाठीं तसबीर हवी होती. मुलांच्या मोबाइलांत मिळून वीस-एक हजार छायाचित्रें. दोन रात्री तीं चाळलीं. बाईंचें एकटीचें नीट चित्र सांपडलें तें एकच, कुठल्याशा मुंजींतलें, चार ठिकाणांहून फिरत आलेलें. स्टुडिओवाल्यानें मोठें करून पाहिलें तों चेहऱ्याचे चौकोन होऊं लागले. मूळ चित्र कोणाच्या मोबाइलनें काढलें होतें तें कोणालाच आठवेना. शेवटीं गुरुजींनीं १९८० सालच्या लग्नाच्या आल्बममधला फोटो दिला. त्या भिंतीवर आज त्या विशीच्या आहेत. इतर हजारों चित्रांत त्या कां नव्हत्या, याचेंहि कारण गुरुजींनींच सांगितलें: घरांतले सर्व फोटो काढावयाच्या त्याच. तेव्हां महत्त्वाचीं चित्रें ज्याच्या मोबाइलनें काढलीं असतील त्याच्याकडून तीं मूळ स्वरूपांत, डॉक्युमेंट म्हणून, मागवून घ्यावीं. आणि जी व्यक्ति नेहमीं कॅमेऱ्यामागें असते तिच्या हातून तो अधूनमधून काढून घ्यावा.

वीस हजार चित्रांत एक सांपडत नाहीं, हें ओघानें आलेंच आहे, तेव्हां निवडीकडे वळतों. हिशेब करून पाहा. प्रत्येक चित्राकडे नुसतीं पांच सेकंद पाहावयाचें म्हटलें तर वीस हजारांना सुमारें २८ तास लागतात. आपल्या पश्चात् कोणती सून, कोणता नातू इतके तास बसणार आहे? रोलच्या काळीं छत्तीस चित्रांनंतर फिल्म संपे आणि निवड आपोआप होई. आतां साठवणुकीचा खर्च नगण्य झाला, म्हणून निवड करावयाचें कोणाला सुचत नाहीं. पण जागा स्वस्त झाली तरी पाहणाऱ्याचा वेळ कोठें स्वस्त झाला?

या बाबतींत थोर छायाचित्रकारहि हरलेले आहेत. न्यूयॉर्कचे गॅरी विनोग्रँड १९८४ मध्यें वारले तेव्हां त्यांचे सुमारें २,५०० रोल धुतलेलेसुद्धां नव्हते, व ६,५०० रोल धुतलेले पण कागदावर न उतरविलेले होते. त्यांची निवड इतरांना करावी लागली. तथापि त्याच विनोग्रँडांची एक संवय अनुकरणीय आहे. ते रोल मुद्दाम पुष्कळ दिवस बाजूला ठेवीत, कारण चित्र काढतांनाचा आनंद ताजा असला कीं वाईट चित्रहि चांगलें वाटतें. आपणहि सहलीहून परतल्याच्या रात्रीं निवड करूं नये. दोन-चार महिने जाऊं द्यावे. फक्त केर मात्र त्याच दिवशीं काढावा. सुप्रभाताचीं फुलें, बिलांचे व पत्त्यांचे फोटो, खिशांत चुकून निघालेलें अंधाराचें चित्र, यांना विचार नको.

आणि निवडींत धोका नाहीं असेंहि नाहीं. १९३० नंतरच्या मंदींत अमेरिकेच्या सरकारनें शेतकऱ्यांच्या हलाखीचीं छायाचित्रें काढविलीं. त्या खात्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर हे नापसंत निगेटिव्हला सरळ गोल भोंक पाडीत. आज त्या संग्रहांतील चित्रें वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत आहेत. त्यांत एखाद्या मजुराच्या तोंडावर किंवा शेताच्या मध्यावर तो काळा गोल दिसतो आणि पाहणारा चुकचुकतो. स्ट्रायकर अडाणी नव्हते. आपल्याला काय हवें हें त्यांना ठाऊक होतें. पुढच्यांना काय हवें असेल हें त्यांना कसें ठाऊक असणार?

म्हणून माझें मत असें, कीं पुनरावृत्ति काढावी, पण क्षुल्लक दिसणारें चित्र काढण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. एकाच क्षणाचीं पंधरा चित्रें असतील तर दोन ठेवावीं. महाबळेश्वरच्या सूर्यास्ताचीं चाळीस असतील तर एक ठेवावें, किंवा एकहि ठेवूं नये. तसा सूर्यास्त कोठेंहि मिळतो. परंतु आईच्या ओट्यावरचे डबे, वडिलांचें दुकान उघडतांनाचें चित्र, पुनर्विकासांत पाडल्या गेलेल्या चाळीचा जिना, हीं चित्रें वांकडीं, अंधुक, कशींहि असलीं तरी राहूं द्यावीं. घराण्याबाहेर तीं कोणाजवळ नसतात. शक्य तर हें काम घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांस शेजारीं बसवून करावें. चित्र पुढें सरकतांना ती मागें उभी आहे ती कोण, असा प्रश्न निघतो, आणि त्याचें उत्तर अजून एकाच माणसाला येत असतें.

तें उत्तर तेथल्या तेथें लिहून ठेवावें. फोल्डरला नांव देतांना आधीं वर्ष, मग महिना, मग दिवस असे आंकडे व पुढें प्रसंग लिहावा, म्हणजे संगणक तीं आपोआप कालक्रमानें मांडतो. चित्राच्या फाइलमध्यें मराठींतून मजकूर लिहिण्याचीहि सोय असते. नांव लिहितांना काकू, ताई एवढेंच लिहूं नये. पूर्ण नांव, माहेर, गांव लिहावें. आपली काकू ही आपल्या नातवाची काकू नव्हे.

मोबाइलचें कुलूप व खात्यांचे पासवर्ड यांची व्यवस्था जिवंतपणींच केली पाहिजे. आपल्यामागें खातें कोणाच्या हवालीं करावें हें नोंदविण्याची सोय गूगल व अ‍ॅपल या दोघांनींहि केलेली आहे. ती अर्ध्या तासांत होते. तें नको असेल तर पासवर्ड कागदावर लिहून, बंद पाकिटांत, बँकेच्या पासबुकाजवळ ठेवावे, आणि तें पाकीट कोठें आहे हें घरांत निदान दोघांना सांगावें.

शेवटीं, दर वर्षीं निवडींतून उरलेल्यांपैकीं दहा-बारा चित्रें स्टुडिओंतून चांगल्या कागदावर काढून घ्यावीं. त्यांना यंत्र लागत नाहीं आणि पासवर्डहि लागत नाहीं. चिकट पानांच्या आल्बममध्यें तीं लावूं नयेत, त्या गोंदानें चित्र डागळतें. पाठीमागें, कडेला, मऊ पेन्सिलीनें हलक्या हातानें नांवें व तारीख लिहावी, आणि डबा माळ्यावर किंवा जमिनीलगत न ठेवतां कपाटाच्या मधल्या कप्प्यांत ठेवावा.