फुलीचं घर



कीर्तनात मी बोलतो तेव्हा तुम्ही समोर बसलेले असता. चुकलो तर टाळकरी सांभाळून घेतात, लांबलं तर चोपदार खूण करतात. आज तेच बोल कागदावर उतरून तुमच्या हातात आलेत, इथे सांभाळून घेणारे तुम्हीच. म्हणून वाचता वाचता एखाद्या ठिकाणी थांबावंसं वाटलं तर थांबा. मीही त्या ठिकाणी फार दिवस थांबलो होतो.

साधू कोणाला म्हणावं, देव कुठे आहे असं समजावं, हे सांगणारा तुकोबारायांचा अभंग तुम्हां सर्वांना पाठ आहे. मी इथे म्हणून दाखवत नाही, तुम्हीच मनात म्हणा. म्हटलात? आता त्या अभंगात एक गोष्ट पाहा. दुःखी माणसाला दान द्या, एवढ्यावर महाराज थांबत नाहीत. त्याला आपला म्हणा, असं सांगतात. देणं सोपं आहे हो! आपला म्हणणं अवघड.

नाथमहाराजांचं चरित्र आठवा. पैठण, गोदामाईचं वाळवंट, भर दुपार. वाळू अशी तापलेली की पाय टेकवत नाही. त्या वाळूत एक लेकरू चुकलेलं, पाय भाजतायत, हंबरडा फोडून रडतंय. घाटावर माणसं नव्हती का? होती. पण लेकरू अस्पृश्य मानलेल्या घरचं. स्नान झालेलं, सोवळं नेसलेलं, कोण शिवणार? नाथांनी लेकराला जात विचारली नाही, बापाचं नाव विचारलं नाही. उचललं, कडेवर घेतलं, नाक-डोळे पुसले आणि त्याच्या घरी नेऊन आईच्या हातात दिलं. मी म्हणतो, त्या दिवशी नाथांची खरी पूजा गोदावरीच्या वाळूत झाली.

आता शंका अशी येते, की तेव्हा लेकरू एक होतं, एका कडेवर मावलं. आज तापल्या वाळूत लाखो लेकरं उभी असतील तर एकटा माणूस किती जणांना उचलणार?

याचं उत्तर वारकऱ्याला शिकवावं लागत नाही. एकट्याने चालला तर तो वाटसरू. विणेकरी, टाळकरी, पखवाजी, तुळस घेतलेली माउली, पाण्याचा हंडा घेतलेली माउली, असे सगळे मिळून चालले की दिंडी होते. दिंडीत थकलेल्याला ओढून नेणारं कोणीतरी असतं. सेवेचीही दिंडी काढावी लागते. आणि ती दिंडी आपल्याच मुलखात निघते असंही नाही.

तारीख सांगतो, ध्यानात ठेवा. 23 फेब्रुवारी. 1876 साली या दिवशी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबांचा जन्म झाला. बाबा गावात आले की आधी हातात झाडू. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात माणसांची मनं झाडायचे. पोटाला चिमटा घ्या, हातावर भाकरी घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला, असं कळवळून सांगायचे. पंढरपुरात, आळंदीत, नाशकात त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतः मात्र त्यात राहिले नाहीत.

आता तीच तारीख, 23 फेब्रुवारी, साल 1905. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत शिकागो शहरात चार माणसं एका कचेरीत बसली. पॉल हॅरिस नावाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी. पाहा, शिंपी तिथेही आहेच! नामदेवरायांचा धंदा कुठे चुकायचा? आज एकाच्या कचेरीत, उद्या दुसऱ्याच्या, अशी पाळीपाळीने बैठक फिरायची, म्हणून त्या मंडळाला रोटरी असं नाव पडलं. आधी हेतू साधा होता, ओळखी व्हाव्यात, एकमेकांच्या धंद्याला मदत व्हावी. पण मंडळी लवकरच लोकांच्या कामाकडे वळली. आणि गावासाठी त्यांनी पहिलं काम कोणतं धरलं असेल? शिकागोत सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून खटपट! बाबांचा झाडू यांनी पाहिलेला नाही, यांचं नाव बाबांच्या कानावर नाही. पण ज्याला दुसऱ्याची अडचण दिसली, तो कुठल्याही देशातला असो, त्याची पहिली नजर घाणीवरच जाते.

आणि या घाणीचा लेकरांशी फार जवळचा संबंध आहे. पोलिओ नावाचा रोग घाणीतून आणि दूषित पाण्यातून पोटात जातो. ज्यांच्या पोटात जातो त्यातल्या बहुतेक मुलांना काहीच होत नाही, कळतही नाही. पण सुमारे दोनशेंत एकाचे हात किंवा पाय कायमचे जातात. औषध नाही. गेलेलं परत येत नाही. आधीच राखलं तर राखलं.

माझ्या मागे पखवाजावर बसतात ते आमचे सोबती, तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांना ऐकलं आहे. बसलेल्या माणसाचे पाय कोणी पाहत नाही, म्हणून सांगतो. आम्ही एका आळीतले. ते तीन वर्षांचे असताना एका रात्री ताप भरला. सकाळी आईने उभं करायला गेली तर डावा पाय कापडाच्या बाहुलीसारखा लोंबला. चार दिवसांनी उजवाही गेला. बापाने त्यांना खांद्यावर घेऊन पायी पंढरपूर गाठलं, नवस बोलला. पाय आले नाहीत. हातात मात्र असा नाद आला, की आज पखवाज बोलू लागला की माझे शब्द थोटे पडतात.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. आणि तरीही पुढची चूक माझ्या हातून झाली. ती माझीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

गोष्ट 2000 सालच्या सुमाराची. त्याआधी, 1985 मध्ये, रोटरीच्या मंडळींनी जगातल्या प्रत्येक लेकराला पोलिओपासून वाचवायचं असा संकल्प सोडला होता. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ असे मोठे हात एकत्र आले. आपल्या देशात 1995 पासून पल्स पोलिओची मोहीम निघाली. काम सरकारचं, पण खांदा सगळ्यांचा. अंगणवाडीच्या ताई, शाळेचे गुरुजी, आणि रविवारचं दुकान बंद ठेवून आलेले हे क्लबवाले.

आमच्या दारात तालुक्याचे एक कापडदुकानदार आणि अंगणवाडीच्या ताई आल्या. गळ्यात बर्फाची पेटी. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा दीड वर्षाची. मी ओट्यावर बसलो होतो. आळंदीला चार वर्षं शिकून आलेला, चार गावांत नाव झालेला कीर्तनकार! म्हटलं, "आत्तापर्यंत चार वेळा दिलाय डोस. आता पुरे. पोरीला जरा ताप आहे. आणि हे माळकऱ्याचं घर आहे, पांडुरंग राखील."

ते वाद घालत बसले नाहीत. त्यांची रीत अशी, की ज्या घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या घरावर खडूने इंग्रजी पी काढायचा, आणि जिथे एकही मूल राहिलं तिथे फुली. माझ्या दारावर वर विठ्ठलनामाची पाटी आणि तिच्या शेजारी पांढरीशुभ्र फुली!

मला वाटलं, गेले, सुटलो. पण फुलीचा अर्थ मला कुठे ठाऊक होता? आपल्या व्यवहारात फुली म्हणजे खोडलं, टाकलं. त्यांच्या वहीत फुली म्हणजे इथे परत यायचं.

दुसऱ्या दिवशी दोघं हजर. शेठजी हसून म्हणाले, "महाराज, एक विचारू का? हरिपाठ तुम्ही एकदाच म्हणून थांबलात की रोज म्हणता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईंनी समजावलं, की दाटीच्या वस्तीत, जुलाब-हगवणीच्या दिवसांत एक-दोन डोस पोटात नीट लागू होत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा द्यायचा. सगळं पटलं. पण पटलं तरी माणूस उठतो का? उठायला अहंकार खाली ठेवावा लागतो, आणि तो फार जड असतो हो. मी "उद्या पाहू" म्हणालो.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या आधी आमचे पखवाजवाले आले. हातांवर अंग रेटत, अंगणातून ओट्यापर्यंत. फुलीकडे बोट केलं आणि म्हणाले, "पांडुरंग राखील म्हणालास म्हणे. मग मला का नाही राखलं रे त्यानं?"

मी गप्प.

"माझा देवावर राग नाही. पण त्या रात्री आमच्या दारात कोणी दोन थेंब घेऊन आलं असतं ना, तर माझ्या आईनं त्याचे पाय धुतले असते. तुझ्या दारात तीन दिवस आलाय, आणि तू त्याला बाहेर उभा केलायस."

मायबाप, पुंडलिकानेही देवाला बाहेर उभं केलं. पण त्याच्या हातात आईबापांची सेवा होती, म्हणून त्याने वीट पुढे केली आणि देव आनंदाने थांबला. माझ्या हातात काय होतं? नुसता ताठा. सेवेसाठी देवाला थांबवलं तर तो अठ्ठावीस युगं थांबतो. आजार मात्र कोणासाठी एक रात्रही थांबत नाही.

मी आत गेलो, पोरीला कडेवर घेऊन आलो. जिभेवर दोन थेंब पडले, डाव्या करंगळीला शाई लागली. शेठजींनी आपल्या रुमालाने दारावरची फुली पुसली आणि तिथे पी काढला. मी विचारलं, "पी म्हणजे पोलिओच ना?" आमचे पखवाजवाले म्हणाले, "तुझ्यासाठी पी म्हणजे पांडुरंग. आज घरात आला."

अशी किती घरं, किती फुल्या! एका फेरीत देशातल्या सुमारे 17 कोटी लेकरांच्या जिभेवर थेंब पडायचे. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोपीवर, रेल्वे फलाटावर, जिथे लेकरू तिथे पेटी. 2009 साली आपल्या देशात 741 मुलांना पोलिओ झाला. 2010 मध्ये 42. 2011 मध्ये एक. 13 जानेवारी 2011 रोजी बंगालमधल्या हावड्यात आढळलेला तो शेवटचा रुग्ण. आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून टिकून आहे, म्हणून आपल्याकडे थेंब आजही चालू आहेत. तुमच्या नातवंडांचा डोस चुकवू नका.

हे कशाने झालं? पैसा लागला, लस लागली, सरकार लागलं. पण माझ्या अनुभवाचं सांगतो, परत येणाऱ्या माणसांनी झालं. पहिल्या दिवशी सगळेच जातात. पहिल्या दिवशी हार असतात, नारळ असतो, छायाचित्र असतं. तिसऱ्या दिवशी, जिथे अपमान झाला त्याच दारात, कोण जातो? तो सेवक.

आणि आणखी एक पाहा. त्या थेंबांत श्रीमंताचा वेगळा, गरिबाचा वेगळा असं नव्हतं. शाई सगळ्यांच्या करंगळीला सारखीच. म्हणून घेणाऱ्याची मान खाली गेली नाही. आता मंडळांत, ट्रस्टांत काम करणारे पुष्कळ जण हे पुस्तक वाचत असतील, त्यांना हात जोडून सांगतो. वह्या वाटा, गणवेश वाटा, चष्मे वाटा. पण पोराला मंचावर उभं करून, त्याच्या हातात पिशवी देऊन, सहा जणांनी ती पिशवी धरून छायाचित्र काढू नका. पोरगं वर्गात जातं तेव्हा बाकीची पोरं तो गणवेश ओळखतात. नाथांनी लेकरू उचललं तेव्हा घाटावर कोणी पाहतंय का, हे पाहिलं नव्हतं. मीही अशा मंचांवर नारळ घेऊन बसलोय, म्हणून बोलतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठल्या क्लबात नाही, आम्ही काय करावं? वारीला येता ना? गर्दीत चुकलेलं, रडणारं लेकरू दिसलं तर "कोणाचं आहे कोण जाणे" म्हणून पुढे जाऊ नका. हात धरा, जवळच्या पोलीस मदत केंद्रात न्या, किंवा 1098 हा क्रमांक फिरवा. संकटातल्या मुलांसाठीचा हा फोन 1996 साली मुंबईत सुरू झाला, आज देशभर चालतो, पैसे लागत नाहीत. मार लागलेलं, कामाला जुंपलेलं, टाकून दिलेलं, कुठलंही लेकरू असो, हा क्रमांक पाठ ठेवा. हरिपाठासोबत पाठ ठेवा.

आणि घरी गेल्यावर एकदा मनातल्या मनात आपल्या गल्लीतून फिरून या. कोणतं पोरगं शाळेत दिसत नाही? कोणाच्या घरी बाप गेल्यापासून चूल वेळेवर पेटत नाही? आपण एकदा जाऊन आलो, तोंड फिरवलं त्यांनी, मग आपणही गेलो नाही, असं कोणतं घर आहे? त्या घरावर फुली आहे, खोडलेल्याची नव्हे, परत जाण्याची. उद्या तिथे जा.

माझ्या भावाची ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. दरवर्षी आमच्या दिंडीत सगळ्यांच्या पुढे चालते, आणि मी मागून तिची पावलं पाहत चालतो.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!