सुभेदार रामजी सकपाळ : फौजेतला मास्तर, एका खोलीतला बाप

(रामजीबाबांच्या स्मृतिदिनी विहारात झालेले भाषण)



मी काही पंडित माणूस नाही. गिरणीत साच्यावर उमर गेली. शाळा थोडीच झाली, वाचन केले ते पाळी सुटल्यावर, जमेल तसे. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्या.

आज २ फेब्रुवारी. १९१३ साली याच तारखेला सुभेदार रामजी मालोजी सकपाळ मुंबईत वारले. जयंतीच्या भाषणात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य येते, 'बाबासाहेबांचे वडील सैन्यात सुभेदार होते', आणि वक्ता पुढे सरकतो. मी स्वतः कित्येक वर्षे तसेच बोलत आलो. आज मात्र त्या एका वाक्यातच थांबायचे आहे.

रामजीबाबांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. वडील मालोजी हेही फौजेतले. सासर मुरबाडकरांचे, तेही सुभेदारांचे घराणे. त्या काळी गावात महार म्हणजे वेशीबाहेर राहणार, बोलावले की धावणार. तोच माणूस फौजेत गेला की अंगावर वर्दी, हातात बंदूक आणि हुद्दा मिळाला तर शिपायाचा सलाम. त्या वेळी हिंदी माणसाला फौजेत वर चढायला पायऱ्या थोड्याच, आणि सुभेदारी ही त्यातली अगदी वरची.

पण फौजेने आपल्या लोकांना बंदुकीपेक्षा मोठी वस्तू दिली, ती म्हणजे पाटी. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकणे सक्तीचे होते, मुलींनासुद्धा. रामजीबाबा या लष्करी शाळेचे मास्तर झाले आणि चौदा वर्षे हेडमास्तर राहिले. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले ते अशा हेडमास्तराच्या घरात. कबीरपंथी घर, दारू-मटण वर्ज्य, रोज भजन.

आता पुढचे ऐका. १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत घाम गाळला, रक्त सांडले, आणि एका हुकमाने दार लागले. लढाऊ जाती कोणत्या, याचा साहेबांनी नवा हिशोब मांडला आणि त्या हिशोबात आपण बसलो नाही! रामजीबाबांची नोकरी संपतच आली होती. त्यांची स्वतःची पेन्शन पक्की होती. गप्प बसले असते तर कोणी विचारले नसते. पण या माणसाने न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेऊन सरकारकडे अर्ज तयार करविला, असे चरित्रकार लिहितात. अर्जाने दार उघडले नाही. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि १९२१ ला मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावात, आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. बापाने केलेला अर्ज पोराने निकाली काढला, असे मला वाटते.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि तिथून साताऱ्याला आले. पेन्शन पन्नास रुपयांच्या आसपास. भीमाबाई साताऱ्यातच गेल्या. चौदा मुलांपैकी पाचच जगली होती. बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि शेंडेफळ भीमा, जेमतेम पाच-सहा वर्षांचा. मीराआत्याने घर सांभाळले. रामजीबाबा पोटासाठी पुन्हा नोकरीला लागले. दुष्काळात खटाव तालुक्यातल्या गोरेगावला तलावाचे काम निघाले, तिथे ते रोखपाल होते. १९०१ साली पोरे बापाला भेटायला मसूर स्टेशनावर उतरली. पत्र नोकराच्या हातात पडले, पण तो सांगायचे विसरला. पुढे बैलगाडीवाल्याने दुप्पट भाडे घेऊन काय केले आणि रात्रभर पाण्याचा थेंब कसा मिळाला नाही, ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहिली आहे, ती तुम्हाला पाठ आहे. मला दुसरे सुचते. सुभेदाराची मुले, चांगले कपडे, डोक्याला जरीची टोपी. आणि छावणीच्या बाहेर पडल्यावर त्या हुद्द्याची किंमत शून्य. सकाळी ती पोरे दारात उभी राहिली तेव्हा त्या जुन्या फौजी माणसाला काय वाटले असेल?

रामजीबाबांना मी देव करू इच्छित नाही. त्यांनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून भीमा फार चिडला. बापाचे अन्न खायचे नाही, मुंबईला पळून जायचे आणि गिरणीत नोकरी धरायची, असे त्याने ठरवले. हो, गिरणीत! साताऱ्याची पोरे जात, तसा तोही जाणार होता. भाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी चोरायला तीन रात्री धडपडला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, आत निघाला अर्धा आणा. तेव्हा शरम वाटून त्याने अभ्यासाला लागायचे ठरवले. मी साच्यावर उभा असताना हे कितीदा मनात आले असेल. त्या पिशवीत रुपया असता तर बाबासाहेब आमच्याच खात्यात बाबीन बदलत उभे राहिले असते.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. तीच चूल, तोच धूर, वर लाकडांची फळी, पायाशी जाते, उशाशी शेळी. या खोलीत रामजीबाबांनी फौजेची शिस्त लावली. संध्याकाळी भीमाला लवकर झोपवायचे आणि स्वतः जागे राहायचे. रात्री दोन वाजता त्याला उठवायचे आणि त्याच्या जागेवर आपण अंग टाकायचे. तिसऱ्या पाळीवाल्याला हे वेगळे सांगायला नको. एक उठला की दुसऱ्याने त्याच वळकटीवर पडायचे, असे आपणही दिवस काढले. पण आपण काढले ते पाळीसाठी. हा म्हातारा पोराच्या पुस्तकासाठी पहारा देत होता.

पोराला तर नवीन पुस्तक दिसले की पाहिजे. खिशात पैसे नसले की सुभेदार लेकीकडे जायचे, तिचा दागिना मागून घ्यायचे, सावकाराकडे गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. हे नेहमीचेच. तेव्हा माझ्या बहिणींनो, बाबासाहेबांच्या पुस्तकांत मंजुळा-तुळसाचे सोने आहे, हे ध्यानात ठेवा.

भीमा परीक्षा पास झाला तेव्हा लोकांना सत्कार करायचा होता. सुभेदार तयार नव्हते. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. केळुसकर गुरुजींनी समजूत घातली, आणि त्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमाला दिले. पुढे भीमाने बापाला तोंडावर विचारले, आम्हाला रामायण-महाभारत का वाचायला लावता? सुभेदार रागावले नाहीत. आपण लहान जातीचे, म्हणून मनात कमीपणा येऊ नये. द्रोण-कर्ण, वाल्मीकी खालून वर आले ते बघावे, अशा अर्थाचे उत्तर दिले. पोराला ते पटले नाही. हे सगळे बाबासाहेबांनी १९५६ साली लिहून ठेवले आहे, आणि तिथेच वडील लष्करी अधिकारी होते हेही लिहिले आहे. न पटणारा प्रश्न घरात विचारता येत होता, ही त्या घराची रीत मला फार मोठी वाटते.

जानेवारी १९१३ मध्ये बी.ए. झालेले भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. म्हाताऱ्याच्या मनात ते नव्हते. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ. परतताना सुरतेला भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांची नजर दाराकडेच होती. पोराच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. त्याच जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले.

वेळ बरीच झाली, भोजनदानाची तयारीही झाली आहे. इथेच थांबतो. जयभीम.